झोप लागली तर पास

कारखान्यात सगळे त्याला पारखी म्हणत. गाद्यांच्या त्या कारखान्यात अगदी मागच्या अंगाला, स्प्रिंगा ठोकण्याचा आवाज जिथे जेमतेम पोचतो अशा जागी त्याची खोली होती आणि त्या खोलीत तो पगार घेऊन झोपत असे. हे ऐकून कोणाला हेवा वाटला तर वाटो, पण एक दिवस करून बघा म्हणावं. हवी तेव्हा झोप आणणं अवघड आहेच, पण आलेली नसताना ती आली असं न म्हणणं त्याहून अवघड. पहिलं सवयीनं जमतं. दुसऱ्याला माणूसच तसा लागतो.

रीत जुन्या मालकांनी घालून दिलेली होती. प्रत्येक लॉटमधली हाताला येईल ती एक गादी पारख्याच्या खोलीत आणून टाकायची. तो चपला काढणार, पडदा ओढणार, आडवा होणार. झोप लागली तर लॉट पास, आणि उठल्यावर तो गादीच्या कोपऱ्यावर निळा शिक्का मारणार. नाही लागली तर सगळा लॉट परत. कारण विचारायचं नाही, कारण झोपेला कारण विचारलं की ती जाते, असं मालक म्हणत. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी ठोकली होती: आत माणूस झोपला आहे. उठवू नये.

खोलीची खिडकी मागच्या गल्लीत उघडे, आणि गल्ली ओलांडली की पारख्याचं घर. बायको शाळेत शिकवायची, ती सकाळी जाई ती तिन्हीसांजेला येई, त्यामुळे दिवसभर घर सासूबाईंच्या ताब्यात. सासरे गेल्यापासून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून कोणी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. भांडी घासून झाली की त्या डबे पुसत, डबे झाले की त्यांच्या जागा बदलत, आणि जागा बदलल्या की मीठ कुठे गेलं म्हणून स्वतःच शोधत फिरत. बसलं की माणसाला गंज चढतो असं त्यांचं मत होतं, आणि जावई म्हणजे त्या मताचा डोळ्यांसमोरचा पुरावा. जावई काय करतात असं शेजारणींनी विचारलं की ‘गाद्यांच्या लाईनीत आहेत’ एवढं सांगून त्या विषय तोडत. दुपारी खिडकीतून डबा मात्र वेळेवर येई, आणि डब्याबरोबर तोंडी लावायला टोमणा.

“जेवा, जावईबापू. झोपून झोपून दमला असाल.”

“हो आई,” पारखी म्हणे, आणि जेवे. त्याच्या अंगात राग म्हणून नव्हताच. झोपणाऱ्या माणसाला राग परवडत नाही.

मग नवे साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग सगळ्यांच्या मनगटांवर पट्टे आले.

पट्टा काळा, रबराचा, बोटभर रुंद. हात किती हलला, पाय किती चालले, नाडी कशी पडते हे सगळं तो मोजायचा, आणि मनगटाचा धनी जरा कुठे स्वस्थ झाला की थरथरून त्याला जागा करायचा. इवल्याशा पडद्यावर अक्षरं उमटायची: उठा, थोडं चाला. चाललं की: शाब्बास. कोणाचा आकडा किती झाला ते फाटकाजवळच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसायचं, वरचे हिरवे, खालचे लाल. साहेब स्वतः उभ्यानं जेवत, चालता चालता सह्या करत, आणि बोलताना जागच्या जागी पाय उचलत. त्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्याला उगाचच वाटे की यांना कुठेतरी जायची घाई आहे.

कारखान्याचं रूपच पालटलं. शिवणखात्याच्या मुख्य बाई, ज्यांना सगळे टाकेवाली म्हणत, त्या प्रत्येक शिवणीनंतर उठून मशीनभोवती एक फेरी मारू लागल्या. हिशेबनीस खुर्ची सोडू शकत नव्हते, म्हणून ते फोनवर बोलताना मोकळा हात जोरजोरात हलवत. पलीकडच्याला ते दिसत नसे, पण इकडच्यांना वाटे की आज पुन्हा कोणाशी तरी जुंपली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पारख्याचं काय? तो आडवा व्हायचा, डोळे मिटायचा, झोपेचा पहिला पदर अंगावर येतो न येतो तोच मनगटावर माशी अडकल्यासारखी थरथर व्हायची. उठा, थोडं चाला. तो उठायचा, खोलीतल्या खोलीत चालायचा, पट्टा शाब्बास म्हणायचा, आणि तो पुन्हा आडवा व्हायचा. सकाळची दुपार झाली तरी डोळ्याला डोळा लागेना. संध्याकाळी त्यानं दार उघडलं आणि मान हलवली. लॉट परत.

दुसऱ्या दिवशी लॉट परत. तिसऱ्या दिवशीही परत. स्प्रिंगवाले शिवणखात्याकडे बोट दाखवू लागले, शिवणखातं स्पंजवाल्यांकडे, आणि स्पंजवाले हवेतल्या दमटपणाकडे, कारण हवा उलटून बोलत नाही. नापास गाद्या गोदामात मावेनात, म्हणून त्या बोळात रचल्या. बोळात मावेनात, म्हणून हॉलमध्ये आल्या. हिशेबनीस आपल्या टेबलापर्यंत गाद्यांवरून रांगत जाऊ लागले. माल न्यायला आलेले ट्रकवाले वाट पाहून पाहून कंटाळले, आणि त्याच नापास गाद्यांवर आडवे होऊन असे घोरू लागले की स्प्रिंगा दाबणाऱ्या रोलरचा आवाज ऐकू येईना. पण ट्रकवाल्याच्या झोपेवर शिक्का कसा मारणार? रीत ती रीत.

“मारून टाका ना शिक्का,” टाकेवाली एकदा दारात येऊन हळूच म्हणाल्या. “माझी शिवण मला माहीत आहे. गादीत खोट नाही. आत कोण बघतंय?”

“मी बघतोय,” पारखी म्हणाला. “न झोपता मारला आणि उद्या कोणी त्या गादीवर रात्रभर तळमळलं, तर मी कुठल्या तोंडानं झोपू?”

टाकेवालींच्या मनगटावर थरथर झाली, तशा त्या फेरी मारायला निघून गेल्या.

शेवटी पारखी साहेबांकडे गेला. साहेब खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत चालत होते, म्हणून तोही बरोबर चालू लागला.

“साहेब, हा पट्टा मला झोपू देत नाही.”

“कामाच्या वेळात झोपू न देणं, हेच तर त्याचं काम.”

“पण माझं काम झोपणं आहे.”

“कागदावर असेल,” साहेब वळत म्हणाले. “मी नाही म्हणत नाही. पण आकड्याचं काय? पडद्यावर तुम्ही सगळ्यात खाली आहात, पारखी. तुमच्यापेक्षा फाटकावरचा पहारेकरी वर आहे, आणि तो लाकडी पायाचा आहे. महिनाअखेर जो लालमध्ये राहील तो पॅकिंगला जाईल, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्या खोलीत आपण पट्टे चार्ज करायची सोय करू. त्यांनाही विश्रांती लागतेच की.”

पारखी खोलीत परत आला आणि पलंगावर बसला. पॅकिंगला जायचं तर जाऊ, हात काही झिजत नाहीत. पण ही खोली, हा पडदा, कोपऱ्यातला तो निळा शिक्का आणि उठल्यावर मनात येणारं ते शांत ‘पास’, हे त्याचं सगळं होतं. दुसरं काहीच त्याला चांगलं येत नव्हतं, आणि तसं त्यानं कधी लपवलंही नव्हतं. त्याला भीती वाटली.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी काडी टाकेवालींनीच आणून दिली. “आपला रोलर,” त्या म्हणाल्या. “दिवसभर स्प्रिंगांवर वरखाली होतो, एक क्षण थांबत नाही. बांधा त्याच्या दांड्याला.”

बांधला. पट्टा आनंदानं शाब्बास शाब्बास म्हणू लागला. पारख्यानं खोलीत जाऊन दार लावलं, पडदा ओढला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तो असा झोपला की स्वप्नालाही आत वाव मिळाला नाही.

रोलर चालत होता हे खरं, पण रोलरला नाडी नव्हती. पट्ट्यानं थोडा वेळ शोधली असावी. मग मोठ्या पडद्यावर लाल अक्षरं आली: पारखी, नाडी सापडत नाही. आणि जरा वेळानं: पारखी, नाडी बंद.

सगळं काम थांबलं. आकडा खोटं बोलत नाही असं साहेब नेहमी सांगत, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. लोक मागच्या खोलीपाशी जमले. दार उघडून बघावं असं कोणाला सुचलं नाही, कारण दारावर पाटी होती, आत माणूस झोपला आहे, उठवू नये, आणि त्या घटकेला ती पाटी सगळ्यांना फारच अर्थपूर्ण वाटली. साहेबांनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचे पाय जागेवर होते. टाकेवाली तेवढ्या रडत नव्हत्या. रोलरची गोष्ट सांगावी की गिळावी या पेचात त्यांचा चेहरा इतका वेडावाकडा झाला होता की लोकांना त्यांचंच दुःख सगळ्यात मोठं वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि हातात शिक्का घेऊन पारखी बाहेर आला. समोर अख्खा कारखाना माना खाली घालून उभा. त्यानं चपला पुन्हा काढल्या, मान खाली घातली आणि रांगेच्या टोकाला टाकेवालींच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

“कोण गेलं?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“तुम्ही,” टाकेवाली ओठ न हलवता म्हणाल्या.

साहेबांनी डोळे उघडले. त्यांनी पारख्याकडे पाहिलं, मग फाटकाच्या दिशेला पाहिलं. “म्हणजे तुम्ही जिवंत आहात?”

“दिसतंय तसं.”

“पडद्यावर अजून तसं आलेलं नाही,” साहेब म्हणाले.

पट्टा घामानं सैल होऊन रोलरपाशी पडला असेल, असं टाकेवालींनी सांगितलं आणि धावत जाऊन तो आणला. पारख्याच्या मनगटावर तो बांधला आणि सगळे फाटकापाशी जाऊन पडद्याकडे बघत उभे राहिले. अक्षरं हिरवी झाली तेव्हा टाळ्या पडल्या. हिशेबनिसांनी चार शब्द बोलायला लिहून आणले होते, ते त्यांनी पुढे कधीतरी उपयोगी पडतील म्हणून घडी करून खिशात ठेवले. आणि दुसऱ्या दिवशी नवी सूचना लागली: पट्टा जिवंत मनगटावरच असला पाहिजे.

संध्याकाळी घरी पारख्यानं सगळं बायकोला सांगितलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असं म्हणून त्यानं कपाळाला हात लावला. बायको आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली.

“म्हणजे अहो, जिवंत मनगट हवं, आणि ते सतत हलणारं हवं. एवढंच ना?”

दोघांची नजर एकाच वेळी वर गेली. सासूबाई स्टुलावर उभ्या राहून, काठीला फडकं बांधून, पंख्याची पाती पुसत होत्या.

“मी ऐकलंय सगळं,” त्या खाली न बघता म्हणाल्या. “म्हणजे मी राबायचं आणि जावईबापूंनी घोरायचं. तसंही तेच चाललंय, आता त्याची मोजदाद होईल. आणा इकडे.”

तेव्हापासून रोज सकाळी पारखी पट्टा घालून फाटकातून आत जाई, आपल्या खोलीत पोचला की खिडकीतून सासूबाईंच्या हातात देई, आणि सुटीच्या वेळी त्या तो तसाच खिडकीतून परत करत. मोठ्या पडद्याला गल्लीपलीकडचं घर काही लांब नव्हतं. हात कुठे हलतो याच्याशी पट्ट्याला देणंघेणं नव्हतं, हलतो एवढं पुरे. पारखी झोपू लागला. गाद्या पास होऊ लागल्या. हॉल मोकळा झाला, बोळ मोकळा झाला, ट्रकवाल्यांना उठवून त्यांच्या खालच्या गाद्या त्यांच्याच ट्रकांत भरल्या.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण सासूबाईंनी शेजारणीला विचारलं, “अगं, हा मेला मधेमधे काय लिहितो गं? माझा चष्मा घरात आहे.”

“शाब्बास म्हणतोय, काकू.”

“पुन्हा वाच.”

“शाब्बास.”

सासूबाई घरात जाऊन चष्मा घेऊन आल्या आणि तो त्यांनी परत काढला नाही. दुपारी डबा देताना त्या टोमणा मारायला विसरल्या. “जावईबापू, उभ्या जन्मात मला कोणी हा शब्द म्हटला नव्हता हो,” त्या म्हणाल्या. “तुमचे सासरे देवमाणूस, पण भाजीत मीठ कमी असलं तरच बोलायचे.”

मग त्यांना आवरणं कठीण झालं. कपाटं भिंती बदलू लागली. गाद्या, उशा, चटया रोज उन्हात जायच्या आणि रोज परत यायच्या. स्वतःचा जिना धुऊन झाल्यावर त्यांनी शेजाऱ्यांचा धुतला, आणि शेजारी नको नको म्हणत असताना समोरच्या इमारतीचा. पडद्यावर पारख्याचं नाव लालमधून हिरव्यात गेलं, हिरव्यात वर वर चढलं आणि एके सकाळी सगळ्यात वर जाऊन बसलं. लोक त्याच्याकडे आदरानं बघू लागले. बंद खोलीत हा माणूस करतो तरी काय?

महिना संपायच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्याला चालत चालत बोलावून घेतलं. “पारखी, मी तुम्हाला ओळखलं नव्हतं. एवढा चपळ माणूस मी पाहिला नाही. असा माणूस त्या खोलीत पडून वाया चाललाय. उद्या दुपारी सगळ्यांसमोर तुम्हाला फिरता सुपरवायझर करतो. दिवसभर फिरायचं, बसायचं नाही. खोलीत पट्टे ठेवू. गाद्यांचं मी बघतो, मशीननं दाबून बघू.”

खाली राहिला असता तर खोली जाणार होती, आणि वर गेला म्हणूनही जाणार. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. संध्याकाळी तो सासूबाईंसमोर हात जोडून उभा राहिला. “आई, उद्याचा दिवस जरा सावकाश. दुपारपर्यंत थोड्या टेका. आकडा मधे कुठेतरी आला की साहेब मला सोडून देतील. वर नको, खाली नको, मधे.”

“पहिला नंबर सोडू?” सासूबाईंचा आवाज चढला नाही, पण तो इतका ठाम होता की बायको दारात थबकली. “जन्मात पहिल्यांदा आलाय माझा. तुमच्या नावावर का असेना. मला बसायला सांगू नका, जावईबापू. दुसरं काहीही सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या लॉटची गादी खोलीत आली. पारखी तिच्यावर आडवा झाला, आणि पट्टा हातात नसूनही त्याला झोप आली नाही. तो छताकडे बघत राहिला. त्याच्या नोकरीतली ही शेवटची गादी, आणि तीच नापास होणार होती. त्याला रडू येईल असं वाटलं.

खिडकीबाहेरून आवाज आला. “मागचं दार उघडा. खिडकीतून रोज बघतेय मी, कोपऱ्यात कोळ्यांनी संसार थाटलाय. उद्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची खोली अशी देतात का?”

त्यानं मागच्या दाराची कडी काढली. सासूबाई झाडू घेऊन आत आल्या. त्यांनी जाळी काढली, खिडकी पुसली, पडदा झटकला, शिक्का उचलून खालची धूळ पुसली. मग कमरेवर हात ठेवून त्यांनी गादीकडे पाहिलं.

“हे काम होय तुमचं? एवढ्यासाठी जीव टाकताय?”

“आज ते जमत नाहीये, आई.”

“पडून राहायला काय जमायचं असतं?”

“पडून बघा.”

त्या झाडूसकट आडव्या झाल्या. ताठ, पाय जुळलेले, झाडू छातीशी. “झालं. यात काय विशेष? छताला रंग द्यायला झालाय. ती फट बुजवायला हवी.” पट्टा थरथरला. त्या उठायला लागल्या.

“राहू दे तो,” पारखी म्हणाला, आणि त्यानं झाडू हळूच काढून घेतला. “बोलू नका. काहीच करायचं नाही.”

“तेच तर येत नाही मला,” त्या म्हणाल्या. मग त्या छताशी बोलावं तसं बोलल्या. “हे गेल्यापासून मी पलंगाच्या काठावरच झोपते. मधे जायचा धीर होत नाही. पडलं की आठवतं, म्हणून पडत नाही. तुम्हाला वाटत असेल, म्हातारीला खोडच आहे.”

“तसं वाटायचं,” पारखी म्हणाला. “आता नाही वाटत. आई, ही गादी रुंद आहे. आणि इथे मी आहे. सरका मधे.”

त्या सरकल्या. एकदा म्हणाल्या, “पातेल्यावर झाकण ठेवलंय ना मी?” तो “हो” म्हणाला. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. हात सैल झाला, तोंड किंचित उघडलं आणि बारीक घोरणं सुरू झालं.

पट्टा थरथरला. उठा, थोडं चाला. पारख्यानं झटकन ते मनगट आपल्या दोन्ही तळव्यांत घेतलं आणि घट्ट धरलं. थरथर त्याच्या हातांत जिरली. थोड्या वेळानं पुन्हा आली, पुन्हा जिरली. जन्मभर झोपलेला हा माणूस गादीशेजारी गुडघे टेकून टक्क जागा होता, आणि एवढं महत्त्वाचं काम आपण आजवर केलं नाही असं त्याला वाटत होतं.

तिकडे फाटकावरच्या पडद्यावर पहिल्या नंबराचा आकडा गोठला. ऐन बढतीच्या दुपारी. साहेब फुलांचा गुच्छ घेऊन, मागे सगळा कारखाना घेऊन खोलीपाशी आले. पाटी वाचून ते थांबले, मग त्यांनी बोटानं हलकेच दार वाजवलं. या पुढच्या दाराला कडी नव्हतीच, ते आपणहून उघडलं. आत पारखी गुडघ्यांवर, आणि हात मोकळे नव्हते म्हणून तो नुसत्या भुवया उंचावून सगळ्यांना गप्प करत होता.

“या कोण?” साहेबांनी कुजबुजून विचारलं.

“सासूबाई.”

“तुमचा पट्टा यांच्या हातात?”

“पहिला नंबर यांचाच, साहेब. माझा एक पाऊलसुद्धा नाही त्यात.” पारख्यानं एवढं सांगितलं आणि त्याला हलकं वाटलं. आता पॅकिंग तर पॅकिंग.

साहेब जागच्या जागी पाय उचलत विचार करू लागले. सूचना त्यांनीच लिहिली होती. जिवंत मनगट हवं, असं त्यात होतं. कोणाचं, हे कुठेच नव्हतं. आणि पहिल्या नंबराला सुपरवायझर करणार हे तर जाहीर झालेलं. आकड्याचा शब्द कसा मोडायचा? “मग यांनाच करावं लागेल,” ते म्हणाले. “उठवा त्यांना.”

“शू,” टाकेवाली म्हणाल्या. सगळ्यांनीच म्हटलं. टाकेवालींनी पाटीकडे बोट दाखवलं. आणि त्या खोलीबाहेर कारखाना दुसऱ्यांदा माना खाली घालून गप्प उभा राहिला, आणि सासूबाईंची झोप पुरी होईपर्यंत तसाच राहिला.

जाग आल्यावर सासूबाईंनी दारातली गर्दी पाहिली आणि पदर सारखा केला. “कोण गेलं?”

साहेबांनी त्यांना नोकरी सांगितली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “बसायला खुर्ची देणार का?”

“नाही,” साहेब जरा ओशाळून म्हणाले.

“मग येते,” सासूबाई म्हणाल्या. “आणि पहिलं ऐका. जावईबापू इथेच राहतील. बाहेर काढलेत तर माझ्या पायात पायात येतील. त्यांच्या आकड्याची काळजी करू नका, मला दुसरं मनगट आहे.”

आता त्या दोन्ही हातांत पट्टे घालून कारखानाभर फिरतात. एक त्यांचा, एक जावयाचा, आणि मोठ्या पडद्यावर पहिल्या दोन जागा घरातच आहेत. स्प्रिंगवाले त्यांना चळाचळा कापतात. हिशेबनिसांना त्यांनी हात हलवायचं बंद करून टेबल पुसायला लावलं आहे. दुपारी जेवणं झाली की त्या मागच्या खोलीत येतात. “सरका, जावईबापू. खोली स्वच्छ आहे का बघायला आलेय.” पारखी उठतो. त्या गादीच्या बरोबर मधोमध आडव्या होतात, आणि तो शेजारी बसून त्यांची दोन्ही मनगटं आपल्या दोन हातांत धरून ठेवतो. थरथर उजवीकडून येते, मग डावीकडून येते. तो तिला बाहेर जाऊ देत नाही.

त्या दुपारच्या गादीवर तो स्वतः झोपलेला नसतो. झोप कोणाला लागली पाहिजे, हे जुन्या मालकांनीही कुठे सांगितलं नव्हतं.

“झोपले नव्हते हं मी,” सासूबाई उठता उठता म्हणतात. “नुसता डोळा मिटला होता.”

“हो आई,” पारखी म्हणतो, आणि शिक्का मारतो.